विषाणुजन्य ताप आणि रक्तपट्टिकांची घट : ढोकी परिसराच्या संदर्भात उपचार-व्यवस्थापनाचे विवेचन

सारांश

पावसाळ्याच्या उत्तरार्धात ग्रामीण महाराष्ट्रात तापाच्या रुग्णांची संख्या वाढते आणि त्याबरोबरच 'पेशी कमी झाल्या' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. रक्तपट्टिकांचा आकडा हाच रोगाच्या तीव्रतेचा एकमेव निकष आहे, असा समज समाजात दृढ झाला आहे. या समजामुळे एकीकडे अनावश्यक भीती, धावपळ व खर्च होतो. तर दुसरीकडे खरी धोक्याची लक्षणे दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात डेंग्यूसारख्या तापात रक्तपट्टिका का घटतात, रुग्णाच्या जीविताला खरा धोका कशापासून असतो, उपचाराची दिशा कोणती असावी आणि धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या गावात प्रतिबंधाचे स्वरूप काय असावे, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : डेंग्यू, रक्तपट्टिका, रक्तद्रव, हिमॅटोक्रिट, धोक्याची लक्षणे, एडिस डास, पाणीसाठवण.

प्रस्तावना

ढोकी हे धाराशिव तालुक्यातील एक मोठे गाव. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव मराठवाडाभर परिचित झाले. संत गोरोबा काकांचे तेर येथून जवळच आहे. ऊस, सोयाबीन, ज्वारी ही परिसरातील प्रमुख पिके. परंतु पर्जन्य अनिश्चित. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले, यावरून या भूभागाच्या पाणीटंचाईची कल्पना यावी. नळाला अनेक दिवसांनी पाणी येत असेल, तर प्रत्येक कुटुंब रांजण, हौद, सिमेंटची टाकी, प्लॅस्टिकचे पिंप जे मिळेल त्यात पाणी साठवणारच. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाला नेमके असेच स्वच्छ, साचलेले, घरालगतचे पाणी लागते. त्यामुळे डेंग्यू हा केवळ अतिवृष्टीचा रोग नसून तो टंचाईचाही रोग आहे, ही बाब अवर्षणप्रवण भागात प्रथम लक्षात घ्यावी लागते.

या परिसराला डासांमार्फत येणारे विषाणुजन्य ताप नवे नाहीत. ढोकी ज्या लातूर-कुर्डुवाडी लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावरील बार्शी येथे १९७३ साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. भारतातील चिकुनगुनियाच्या इतिहासात तिची नोंद आवर्जून घेतली जाते. त्यानंतर सुमारे तीन दशके हा रोग देशात जवळपास दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा प्रकट झाला. २००६ च्या साथीत मराठवाड्यातील गावेच्या गावे सांधेदुखीने आखडून गेली होती. डेंग्यूचा विचार करता दिल्लीतील १९९६ च्या साथीत १०,००० पेक्षा अधिक रुग्ण व ४०० पेक्षा अधिक मृत्यू नोंदले गेले आणि तेव्हापासून या रोगाचे गांभीर्य देशभर जाणवले. प्रारंभी शहरी मानला गेलेला हा रोग पुढे रस्ते, वाहने, टायर आणि साठवणीची भांडी यांच्यामार्फत ग्रामीण भागात स्थिरावला.

रक्तपट्टिका : कार्य व परिभाषेतील गोंधळ

मानवी रक्तात लोहित पेशी, श्वेत पेशी आणि रक्तपट्टिका असे तीन घटक रक्तद्रवात तरंगत असतात. रक्तपट्टिका, म्हणजेच व्यवहारातील 'प्लेटलेट', या अस्थिमज्जेतील महाकाय पेशींचे सूक्ष्म तुकडे होत. रक्तवाहिनीला इजा झाली की त्या तेथे चिकटतात, एकत्र येतात आणि रक्तस्राव थांबविण्यास प्रारंभ करतात. निरोगी व्यक्तीत त्यांची संख्या दर मायक्रोलिटर रक्तात साधारणतः १.५ लाख ते ४.५ लाख असते. त्यांचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते. म्हणजे निरोगी शरीरातही त्या सतत नष्ट होतात व सतत नव्याने तयार होतात.

मराठी भाषकांत येथे एक गोंधळ आढळतो. रक्तपट्टिका घटल्या असता अनेक जण 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' असे म्हणतात. वस्तुतः पांढऱ्या पेशी, म्हणजे श्वेत पेशी, रोगप्रतिकाराचे कार्य करतात. रक्त गोठण्याशी त्यांचा तसा संबंध नाही. डेंग्यूमध्ये दोन्ही घटक घटतात, त्यामुळे हा गोंधळ अधिकच वाढतो. तथापि श्वेत पेशी घटणे हे रोगाच्या प्रारंभीचे निदानास साहाय्य करणारे चिन्ह आहे, तर रक्तपट्टिका झपाट्याने घटणे हे रोग पुढील टप्प्यात जात असल्याचे सूचक आहे. दोहोंचा अर्थ भिन्न असल्याने अहवाल वाचताना आणि दूरध्वनीवरून डॉक्टरांना सांगताना शब्द अचूक वापरणे अगत्याचे ठरते.

रक्तपट्टिका घटण्याची तीन प्रमुख कारणे सांगता येतात. पहिले, विषाणूच्या प्रभावाने अस्थिमज्जेतील निर्मिती काही दिवस मंदावते. दुसरे, शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे रक्तपट्टिकांवरही आघात करतात. तिसरे, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज आल्याने त्या तेथे खर्ची पडतात. ही तिन्ही कारणे तात्पुरती असतात. रोगाचा भर ओसरला की अस्थिमज्जा आपोआप कार्यरत होते आणि बहुधा आजाराच्या सातव्या-आठव्या दिवसापासून संख्या वाढू लागते. एखादे फळ, काढा किंवा गोळी त्या सुमारास घेतली असेल, तर श्रेय तिला मिळते. निसर्गक्रम विस्मृतीत जातो.

रोगाचे तीन टप्पे

डेंग्यूच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एका प्रकाराची बाधा झाल्यास त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते. मात्र नंतर दुसऱ्या प्रकाराची बाधा झाल्यास आजार अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. म्हणूनच पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या व्यक्तीने निर्धास्त राहू नये.

पहिला टप्पा तापाचा. तो २ ते ७ दिवस असतो. एकाएकी चढणारा ताप, डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे वेदना, अंग मोडून येणे, मळमळ आणि कधी त्वचेवर पुरळ ही त्याची लक्षणे होत.

दुसरा टप्पा निर्णायक होय. तो सामान्यतः आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप उतरत असताना सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. या काळात सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपून छाती व पोटाच्या पोकळीत साचू लागतो. ताप उतरला म्हणून घरच्या मंडळींना हायसे वाटते, रुग्णाला रुग्णालयातून घरी आणले जाते किंवा तो स्वतःच शेताकडे निघतो. आणि काही रुग्णांत त्याच वेळी आतून प्रकृती ढासळत असते. ताप उतरणे आणि बरे होणे या दोन गोष्टी या आजारात एक नव्हेत, हे सूत्र प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

तिसरा टप्पा सावरण्याचा. झिरपलेला द्रव पुन्हा रक्ताभिसरणात परततो, भूक लागते, लघवी मोकळी होते. प्रथम श्वेत पेशी व त्यानंतर रक्तपट्टिका वाढतात.

खरा धोका : आकडा की झिरपणे?

डेंग्यूमधील बहुसंख्य मृत्यू केवळ रक्तपट्टिका कमी झाल्याने होत नाहीत. रक्तद्रव झिरपल्याने रक्ताचे आकारमान घटते, रक्तदाब खालावतो, अवयवांना प्राणवायू अपुरा पडतो आणि आघाताची अवस्था निर्माण होते. ही अवस्था लांबल्यास गंभीर रक्तस्राव होतो व यकृत, मूत्रपिंड निकामी होऊ लागतात. रक्तद्रव किती झिरपला याचा अंदाज देणारी चाचणी म्हणजे हिमॅटोक्रिट, अर्थात रक्तातील लोहित पेशींचे शेकडा प्रमाण. द्रवभाग घटला की रक्त दाट होते व हे प्रमाण वाढते. मूळ पातळीपेक्षा २० टक्के वा अधिक वाढ ही लक्षणीय झिरपण्याची खूण मानली जाते.

हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एका तरुणाच्या रक्तपट्टिका १८,००० आहेत; परंतु ताप जाऊन दोन दिवस झाले आहेत, तो जेवतो, लघवी नीट होते, रक्तस्राव नाही, हिमॅटोक्रिट स्थिर आहे. दुसऱ्या रुग्णाच्या रक्तपट्टिका ९०,००० आहेत. परंतु पोटात सतत दुखते, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडले आहेत आणि हिमॅटोक्रिट ३८ वरून ४७ वर गेले आहे. केवळ आकडा पाहणारे नातेवाईक पहिल्या रुग्णासाठी रक्तपेढीकडे धावतील व दुसऱ्याला घरी ठेवतील. वास्तविक पहिल्याला देखरेख पुरेशी आहे, तर दुसऱ्याची प्रत्येक घटका मोलाची आहे. म्हणून अहवालात केवळ एक ओळ न वाचता हिमॅटोक्रिटची ओळही वाचली पाहिजे आणि दोन्हींच्या आधी रुग्णाकडे पाहिले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये डेंग्यूचे नवे वर्गीकरण केले. त्यात 'धोक्याची लक्षणे' या कल्पनेला मध्यवर्ती स्थान आहे. ती लक्षणे पुढीलप्रमाणे :

१) पोटात तीव्र वा सतत दुखणे.
२) वारंवार उलट्या होणे.
३) हिरड्या, नाक यांतून रक्त येणे, काळी शौचास होणे, स्त्रियांमध्ये मासिक स्राव अतिरिक्त होणे.
४) सुस्ती, गुंगी किंवा अस्वस्थता, चिडचिड.
५) यकृत वाढणे, पोटात वा छातीत पाणी साचणे.
६) रक्तपट्टिका झपाट्याने घटत असताना हिमॅटोक्रिट वाढणे.

यांखेरीज हातपाय गार पडणे, उठल्यावर भोवळ येणे आणि ४ ते ६ तास लघवी न होणे हीदेखील तातडीची सूचना समजावी. गर्भवती, तान्ही मुले, वृद्ध, मधुमेही व मूत्रपिंडाचे रुग्ण यांना लक्षणे नसतानाही रुग्णालयात ठेवण्याचा विचार केला जातो. एकट्याने राहणारी व्यक्ती आणि रुग्णालयापासून दूर राहणारी व्यक्ती यांचाही समावेश याच गटात होतो, ही बाब वस्ती-तांड्यांवर राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

निदान : प्रत्येक ताप 'व्हायरल' नव्हे

रक्तपट्टिका कमी असणे म्हणजे डेंग्यू असे समीकरण नाही. हिवताप, चिकुनगुनिया, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि जंतुसंसर्गाने रक्त दूषित होणे या सर्वांत रक्तपट्टिका घटू शकतात. यांतील हिवतापाला विशिष्ट औषध आहे. लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफस वेळीच दिलेल्या प्रतिजैविकांनी बरे होतात. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मूत्रातून ओलसर जमिनीत येतात व हातापायांच्या जखमांतून शरीरात शिरतात. ऊसतोडणी कामगारांशी या रोगाचा संबंध जगात अनेक ठिकाणी दिसून आला आहे. ज्या परिसराचे अर्थकारण उसाभोवती फिरते, तेथे तापाच्या रुग्णाला तो कोणते काम करतो हा प्रश्न विचारणे निदानाचाच भाग ठरतो. 'व्हायरल आहे, उतरेल' असे गृहीत धरल्यास उपचार उपलब्ध असलेला रोग हातचा जातो.

डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ प्रतिजन चाचणी व त्यानंतर आयजीएम प्रतिपिंड चाचणी उपयुक्त ठरते. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेल्या आणि १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत तयार होणारे आयजीएम एलायझा संच शासकीय प्रयोगशाळांत वापरले जातात. चाचणीचा दिवस चुकला तर अहवाल नकारात्मक येऊ शकतो. म्हणून तापाचा पहिला दिवस कोणता, याची नोंद घरी ठेवावी.

आणखी एक तांत्रिक बाब उल्लेखनीय आहे. नळीतील रक्तात रक्तपट्टिकांच्या गुठळ्या झाल्यास यंत्र त्यांची संख्या खोटी कमी दाखवते. रुग्णाची स्थिती आणि आकडा यांत विसंगती दिसल्यास काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घेणे इष्ट असते.

उपचाराचे व्यवस्थापन

अ) घरगुती काळजी : धोक्याची लक्षणे नसलेल्या बहुसंख्य रुग्णांना विश्रांती, द्रवपदार्थ आणि पॅरासिटामॉल एवढ्याने उतार पडतो. जलसंजीवनी, भाताची पेज, ताक, शहाळ्याचे पाणी, वरणाचे पाणी असे क्षार व साखर असलेले पदार्थ थोडे थोडे पण सतत द्यावेत. केवळ साधे पाणी पुरेसे नाही. पॅरासिटामॉल वजनानुसार व डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानेच घ्यावे, कारण अतिरिक्त मात्रा यकृतास अपाय करते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे टाळावीत. ती रक्तपट्टिकांच्या कार्यात अडथळा आणून रक्तस्रावाचा धोका वाढवितात. अंगदुखीसाठी कमरेत 'सुई' घेण्याची ग्रामीण भागातील सवय येथे दुहेरी घातक ठरते; औषधही चुकीचे आणि स्नायूत रक्त साकळण्याचा संभवही. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असल्यास मात्र ते परस्पर बंद न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आ) देखरेख : तिसऱ्या दिवसापासून ताप उतरल्यानंतर ४८ तासांपर्यंत रुग्णाची दररोज तपासणी आणि रक्तचाचणी करणे हितावह असते. घरी तापमान, प्यायलेले द्रव, लघवीच्या वेळा व रक्तस्रावाची चिन्हे यांची साध्या वहीत नोंद ठेवल्यास डॉक्टरांना निर्णय घेणे सुलभ होते.

इ) रुग्णालयीन उपचार : धोक्याची लक्षणे असलेल्या रुग्णास सलाईन वा रिंगर लॅक्टेट शिरेवाटे, वजनाच्या हिशेबाने, हिमॅटोक्रिट व नाडी पाहून दिले जाते. येथे प्रमाणाला अत्यंत महत्त्व आहे. कमी द्रव दिल्यास आघाताची अवस्था ओढवते. अधिक दिल्यास, विशेषतः सावरण्याच्या टप्प्यात, फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो. त्यामुळे 'आणखी दोन बाटल्या लावा' हा नातेवाइकांचा आग्रह रुग्णाच्या हिताचा नसतो. वरचा व खालचा रक्तदाब यांतील अंतर २० वा त्याहून कमी होणे ही आघाताची सूचना होय. वरचा आकडा सामान्य दिसत असूनही तो धोका असू शकतो.

ई) रक्तपट्टिका केव्हा द्याव्यात : लक्षणीय रक्तस्राव होत असल्यास रक्तपट्टिका देण्याचा विचार केला जातो. रक्तस्राव नसताना केवळ आकडा पाहून त्या द्याव्यात काय, याविषयी सिंगापूर व मलेशिया येथील एक चाचणी मार्गदर्शक आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रक्तपट्टिका २०,००० वा त्याहून कमी असलेले ३७२ प्रौढ रुग्ण समाविष्ट होते. रक्तपट्टिका दिलेल्या गटात २१ टक्के व न दिलेल्या गटात २६ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. उलट प्रतिकूल परिणाम दिलेल्या गटात अधिक आढळले. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही रक्तस्राव नसताना १०,००० च्या खाली संख्या गेल्यावरच प्रतिबंधात्मक रक्तपट्टिका देण्याचा विचार सांगितला आहे. बाहेरून दिलेल्या रक्तपट्टिकाही त्याच रोगप्रक्रियेत अल्पावधीत नष्ट होतात, हे यामागील कारण होय.

ग्रामीण वास्तवात या ज्ञानाचे मोल मोठे आहे. रक्तपट्टिका २० ते २४ अंश सेल्सियस तापमानात, सतत हलत्या ठेवून, सामान्यतः केवळ ५ दिवस साठविता येतात. रक्तघटक वेगळे करणारी सुविधा प्रत्येक तालुक्यात नसते. अशा वेळी लातूर, सोलापूरकडे धाव, दात्यांची शोधाशोध, उसनवारी आणि प्रसंगी दागिने गहाण हा क्रम सुरू होतो. ज्या तासांत जवळच्या रुग्णालयात योग्य प्रमाणात द्रव मिळावयास हवे, ते तास प्रवासात जातात.

उ) प्रचलित उपाय : पपईच्या पानांच्या अर्काने रक्तपट्टिकांची संख्या काहीशी लवकर वाढते असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे, परंतु त्यामुळे मृत्यू वा गंभीर आजार टळतो, हे सिद्ध झालेले नाही. कडू रसाने उलट्या वाढल्यास हानीच होते. शेळीचे कच्चे दूध ब्रुसेलोसिससारख्या संसर्गास निमंत्रण देते. किवी हे महागडे फळ औषध नव्हे. आहार म्हणून पचेल ते जरूर द्यावे. उपचाराला पर्याय म्हणून नव्हे. स्टेरॉइड व प्रतिजैविके यांचाही डेंग्यूत लाभ दिसलेला नाही.

प्रतिबंध : पाणीटंचाईच्या चौकटीत

एडिसची मादी साठवणीच्या भांड्याच्या कडेला, पाण्याच्या पातळीलगत अंडी घालते. ती कोरड्या अवस्थेत अनेक महिने टिकतात व पाणी चढताच उबतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यामागे हेच गणित आहे. मात्र भांडे केवळ उपडे करणे पुरेसे नाही. आतील कडा घासून काढाव्यात, तरच चिकटलेली अंडी निघतात.

तथापि ज्या कुटुंबाला पुढचे पाणी केव्हा येईल याची शाश्वती नाही, त्याला भरलेला हौद ओतून द्या असे सांगणे व्यवहार्य नाही. अशा ठिकाणी घट्ट झाकण किंवा जुन्या सुती कापडाचे आच्छादन, मोठ्या हौदांत गप्पी मासे, जनावरांच्या डोणीची नियमित सफाई आणि आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत अळीनाशकाचा वापर हे मार्ग अधिक उपयुक्त आहेत. टायर, करवंट्या, फुटके माठ, कूलर यांत उपयोगाचे पाणी नसतेच; ती प्रथम रिकामी करावीत. हा डास दिवसा, विशेषतः सकाळी व सायंकाळपूर्वी चावतो. म्हणून तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, जेणेकरून त्याच्याकडून विषाणू पुढे जाणार नाही. धूरफवारणीने उडते डास काही काळ कमी होतात, अळ्या मात्र तशाच राहतात. लसीचे प्रयत्नही चालू आहेत. भारतीय बनावटीच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. परंतु पाण्याच्या भांड्यावरील झाकणाची गरज लस आल्यानेही संपणार नाही, कारण चिकुनगुनिया व झिका यांचा वाहकही हाच डास आहे.

महाविद्यालयांची भूमिका

ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थी आसपासच्या अनेक गावांतून येतात. १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे या कामी साहाय्यभूत ठरू शकतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अळ्यांचे सर्वेक्षण करून किती घरांत व किती भांड्यांत अळ्या आढळल्या याचे निर्देशांक काढावेत. भूगोल विभागाने पाणीपुरवठ्याच्या अंतराशी त्यांचा मेळ घालावा. मराठी विभागाने धोक्याच्या लक्षणांचे फलक सुबोध भाषेत तयार करावेत. वसतिगृहातील तापाच्या विद्यार्थ्याला 'ताप उतरला, आता वर्गात ये' असे न सांगता पुढील दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवणे, एवढी दक्षता प्रत्येक प्राध्यापकास घेता येईल.

निष्कर्ष

१) रक्तपट्टिकांची घट हे डेंग्यूचे लक्षण आहे, बहुतेक रुग्णांत ती तात्पुरती असून आपोआप भरून निघते.
२) जीविताला मुख्य धोका रक्तद्रव झिरपण्यापासून असतो. त्यामुळे हिमॅटोक्रिट, लघवी, नाडी, रक्तदाब व धोक्याची लक्षणे यांना आकड्याहून अधिक महत्त्व द्यावे.
३) ताप उतरल्यानंतरचे ४८ तास सर्वाधिक सावधानतेचे होत.
४) योग्य वेळी, योग्य प्रमाणात द्रव हाच प्रमुख उपचार आहे आणि तो तुलनेने अल्पखर्चिक आहे.
५) हिवताप, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस यांची शक्यता पडताळल्याविना ताप 'व्हायरल' ठरवू नये.
६) टंचाईग्रस्त गावांत प्रतिबंधाचा प्रश्न नियमित पाणीपुरवठ्याशी निगडित आहे, केवळ नागरिकांना दोष देऊन तो सुटणार नाही.

ढोकीसारख्या गावात तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कुटुंबाने 'पेशी किती?' या प्रश्नाबरोबर 'लघवी केव्हा झाली? पोटात दुखते का? हातपाय उबदार आहेत का?' हे प्रश्नही विचारावेत. त्यांच्या उत्तरांसाठी यंत्र लागत नाही, आणि रुग्णाला केव्हा हलवावयाचे याचा निर्णय बहुधा त्यांवरच अवलंबून असतो.